तिसऱ्या रेसचा पांढरा घोडा

शुक्रवारी संध्याकाळी सुनेत्रा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली, की तिला कोणी हाक मारायची नाही असा घरात नियमच होता. परीक्षित, तिचा नवरा, निमूटपणे कुकर लावायचा. त्यांच्या तेरा वर्षांच्या लेकीला मात्र हा नियम लागू नव्हता. ईशानी पाय खुर्चीवर घेऊन आईला खेटून बसायची आणि स्क्रीनवरचे घोडे बघत राहायची.

सुनेत्रा मूळची घोड्यांची डॉक्टर. पुण्यात असताना रेसच्या घोड्यांचे पाय तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. टोरोंटोला आल्यावर इथल्या परवान्याच्या परीक्षा, मग ईशानीचा जन्म, मग नॉर्थ यॉर्कमधला कॉन्डो, असं करता करता डॉक्टरकी राहून गेली ती गेलीच. आता ती एटोबिकोतल्या एका क्लिनिकमध्ये कुत्र्यामांजरांच्या अपॉइंटमेंट लावायची. घोड्यांशी संबंध उरला होता तो एवढाच, की एका छोट्या वेबसाइटसाठी ती इंग्लंडमधल्या शनिवारच्या अडथळ्यांच्या शर्यतींचा अंदाज लिहायची. ओल्या जमिनीवर कोण पळतो, उडी घेताना कोण घाई करतो, शेवटच्या चढावर कोणाचा दम संपतो, असं सगळं सांगून प्रत्येक रेसला जिंकणाऱ्या घोड्याचं एक नाव द्यायचं. वाचक मूठभरच होते, पण तिच्या शब्दावर विसंबणारे होते. अंदाज लिहिणारे बाकीचे लोक मागच्या रेसचे आकडे बघून लिहीत. ही पाय बघून लिहायची.

त्या शुक्रवारी तिचा जीव सॉल्ट मार्श नावाच्या तांबड्या घोड्यात अडकला होता. शेवटच्या मोठ्या रेसमध्ये सगळ्यांची पसंती त्यालाच होती. पण त्याच्या मागच्या रेसचा व्हिडिओ बघताना तिला काहीतरी खटकलं. अडथळ्यापलीकडे उतरताना तो उजव्या पायावर भार द्यायचं टाळतोय की काय? तिने तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. मग न राहवून वेबसाइट चालवणाऱ्या ग्रॅहमला फोन केला.

"हा घोडा उद्या पळवू नये असं मला वाटतं," ती म्हणाली.

"तू तिकडे बसून हे कसं सांगणार?" ग्रॅहम म्हणाला. "फार तर शंका आहे असं लिही. आणि लवकर पाठव."

फोन ठेवून ती पुन्हा त्या उजव्या पायाकडे वळली, तोच ईशानीने तिचा दंड हलवला.

"आई, कॅन आय पिक वन? जस्ट वन."

"कुठल्या रेसला?"

"थर्ड. हा बघ ना. पेपर लँटर्न. ही इज सो प्रीटी."

पांढराशुभ्र घोडा होता. कपाळावर करड्या रंगाचा शिडकावा. सुनेत्राने त्याच्या दोन रेस पाहिल्या. उडी स्वच्छ, डोकं शांत, उतरणं हलकं. जिंकायची शक्यताही बरी होती.

"चांगला निवडलास की गं!"

"पण तो पडणार नाही ना? मागे तो एक पडला होता तसा?"

"नाही गं. हा अगदी भरवशाचा आहे," सुनेत्रा म्हणाली. तिचा एक डोळा अजून सॉल्ट मार्शच्या पायावर होता. तिसऱ्या रेससमोर तिने लिहिलं, 'पेपर लँटर्न. आजच्या दिवसातली सर्वांत सुरक्षित उडी.' ईशानीने ते वाचलं आणि ती आनंदाने नाचत बाबाला सांगायला गेली.

इंग्लंडातली दुपार म्हणजे इथली सकाळ. शनिवारी उठल्यावर खाली गाड्यांवर बर्फ साचलेलं दिसलं. परीक्षितने चहा केला, ईशानी ब्लँकेट गुंडाळून सोफ्यावर आली. पहिल्या रेसला सुनेत्राने सांगितलेलाच घोडा पहिला आला. फोनवर वाचकांचे शाबासकीचे अंगठे पडायला लागले.

तिसरी रेस सुरू झाली. पेपर लँटर्न मध्यावर, आतल्या बाजूने, मजेत पळत होता. ईशानी उभीच राहिली. पलीकडच्या वळणावर लागोपाठ दोन अडथळे होते. पहिल्यावरून तो पाखरासारखा गेला. दुसऱ्यावरूनही गेला. उतरला, आणि जमिनीने त्याला धरलंच नाही. पुढचा पाय खालून सटकला, जॉकी लांब फेकला गेला, आणि कॅमेरा पुढे पळणाऱ्या घोड्यांबरोबर निघून गेला.

"आई?"

 पुढच्या फेरीत घोडे तिथे आले तेव्हा त्यांना त्या अडथळ्याला वळसा घालायला लावलं. कडेला माणसं हिरवे पडदे धरून उभी होती. पडद्यामागे काय चाललंय हे सुनेत्राइतकं त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पाय मोडलेल्या घोड्याचं ते शेवटचं काम पुण्यात तिने स्वतः पडद्याच्या आत उभं राहून केलं होतं.

परीक्षितने झटकन टीव्ही बंद केला. "उठला तो," तो म्हणाला. "मी पाहिलं ना. उठून चालायला लागला. आता त्याला डॉक्टरकडे नेतील."

ईशानीने आईकडे पाहिलं. "आई, इज दॅट ट्रू?"

परीक्षित लेकीच्या डोक्यावरून बायकोला डोळ्यांनी विनवत होता. हो म्हण. एवढं एक हो म्हण. सुनेत्राच्या ओठांवर ते आलंही होतं. पण आदल्या संध्याकाळी तिने एकदा दुसरीकडे बघत भरवसा देऊन टाकला होता, आणि आता दुसऱ्यांदा तिची जीभ वळेना.

"नाही बाळा," ती म्हणाली. "त्याचा पाय मोडला. तो गेला."

ईशानी रडली नाही. "यू सेड ही वॉज सेफ," एवढंच म्हणाली, आणि आपल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

"काय गरज होती?" परीक्षित दबक्या आवाजात म्हणाला. "अगं, लहान आहे ती. तिने निवडला होता तो."

"म्हणूनच सांगितलं. उद्या तिने स्वतः शोधून काढलं असतं, म्हणजे मग आपण दोघंही खोटी ठरलो असतो."

"तुझं नेहमीच बरोबर असतं," तो म्हणाला, आणि खाली गाडीभोवतीचं बर्फ शोव्हल करायला निघून गेला.

सुनेत्राने एकटीनेच टीव्ही पुन्हा लावला. शेवटची रेस सॉल्ट मार्शने आरामात जिंकली; त्याच्यापुढे तिने शंका लिहून नाव दुसऱ्याच घोड्याचं दिलं होतं. उतरताना त्याचा उजवा पाय खणखणीत टेकत होता. फोनवर ग्रॅहमचा निरोप आला, 'तुझे दोन जिंकले, वाईट दिवस नाही!' तिने तो अर्धवट वाचला. मग पेपर लँटर्नच्या जुन्या रेस एकामागून एक काढल्या. काहीतरी सापडेल, आपण दुसऱ्या घोड्यापायी याच्याकडे नीट पाहिलं नाही असं निघेल, म्हणून ती दुपारपर्यंत शोधत राहिली. काहीच निघालं नाही. तिची चूक सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या शनिवारच्या लेखात तिने आधी त्या घोड्याबद्दल चार ओळी लिहिल्या. त्याचं नाव, त्याचा रंग, आणि आपण त्याला सुरक्षित म्हटलं होतं ही गोष्ट. ग्रॅहमने त्या ओळी काढून टाकल्या. "लोक सकाळी जिंकणारा घोडा शोधायला येतात," तो फोनवर समजुतीने म्हणाला. "असं होतंच, सुनेत्रा. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर लिहिलं." ओळी परत घाला, असा तिने आग्रह धरला. तो नाही म्हणाला. तेव्हा तिने यापुढे लिहिणार नाही असं सांगून टाकलं. संतापून नाही, तिला थकवा आला होता.

परीक्षितला हे कळलं. "इथे आल्यापासून तुझं स्वतःचं असं तेवढंच होतं," तो म्हणाला.  शुक्रवारची संध्याकाळ आता तिला खायला उठायची. ती उगाच ग्रोसरीला जायची, कपाटं आवरायची. ईशानी बोलायची, पण कामापुरतं. शाळा, डबा, मोजे कुठे आहेत.

मार्चच्या अखेरीस एका दुपारी सुनेत्रा तिला पोहण्याच्या क्लासला नेत होती. सिग्नलला गाडी थांबली. रस्त्याकडेला काळपटलेलं बर्फ वितळत होतं.

"आई," ईशानी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "इफ यू वेअर देअर, कुड यू हॅव फिक्स्ड हिम?"

 "नाही. तसा मोडलेला पाय कोणालाच जोडता येत नाही."

"देन व्हॉट वुड यू डू?"

"त्याच्या डोक्याशी बसले असते. मानेवर हात ठेवला असता, बोलत राहिले असते त्याच्याशी. शेवटपर्यंत. आणि मग... मग इंजेक्शन दिलं असतं."

"तू केलंयस असं? पुण्यात?"

पुष्कळ दिवसांनी लेकीच्या तोंडून मराठी वाक्य आलं होतं. सुनेत्राने होकारार्थी मान हलवली. 

"काय बोलायचीस त्यांच्याशी?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला. सुनेत्राने गाडी पुढे घेतली, आणि चौक ओलांडल्यावर, रस्त्यावरची नजर न हलवता, ती लेकीला सांगू लागली.