कोरडा कागद

"खाली मी बसते," मी म्हणाले.

मिस्त्रीकाकांनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "तू पुस्तकातली पोरगी. आत पाणी शिरलं तर पान उलटत बसशील."

"बाबाही पेपरच घेऊन बसायचे ना खाली?"

त्यांनी कालचं वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं.

आमच्या धक्क्यावरची रीत अशी : नवं लाकडी जहाज पहिल्यांदा पाण्यात उतरतं, तेव्हा त्याच्या फळ्यांमधल्या फटी ज्याने बुजवल्या, तो तळाशी वर्तमानपत्र अंथरून तासभर बसतो. वर आल्यावर तो कागद मिस्त्रीच्या हातात देतो. चाळीस वर्षं बाबांचा कागद कोरडा निघाला. याही जहाजाच्या फटी त्यांनीच भरल्या, तेलात भिजवलेल्या कापसाचे पीळ बोथट छिन्नीने आत ठोकून. शेवटची फट भरली आणि आठवड्याने ते गेले.

जहाजाच्या मालकांना मात्र भरवसा नव्हता. "म्हाताऱ्याचे हात थरथरत होते, मी स्वतः पाहिलंय. कागद जरा जरी भिजला, तर सगळा कापूस उकरून काढायचा. नवा माणूस लावू."

मी शिडीने उतरले. वर दोर सुटले, जहाज पाण्यात घसरलं. मग सगळं शांत. थोड्या वेळाने फळ्या कुरकुरू लागल्या. लाकूड पाणी पिऊन फुगत होतं, एकेक सांधा आवळत होता. बॅटरीच्या उजेडात मी फटींवरून तळहात फिरवत गेले. हातापासून चार बोटांवर समुद्र होता. अख्खा.

लहानपणी मी बाबांना वाचून दाखवायचे. जहाजांनी धान्य नेलं, बियाणं नेलं, ग्रंथ नेले. रोगांच्या साथी नेल्या, फौजा नेल्या, साखळदंडातली माणसं नेली. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि दर वेळी विचारायचे, "फटी कोणी भरल्या, ते लिहिलंय?"

"नाही, बाबा."

"मग अर्धवट आहे तुझं पुस्तक."

स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "तुम्हीच लिहा की मग. सही करायला अर्धा दिवस लागतो तुम्हाला."

एवढी माणसं, एवढ्या शतकांत, मूठभर कापसाच्या भरवशावर पाण्यापलीकडे गेली होती.

जहाजाच्या पुढच्या टोकाशी, नाळेजवळच्या निमुळत्या जागेत ती शेवटची फट सापडली. छिन्नीचे घाव एकसारखे नव्हते. एक खोल, एक नुसताच टेकलेला. तीन ठिकाणी बाबा परत मागे आले होते, तीच जागा पुन्हा ठोकली होती. तिथे मी हात बराच वेळ ठेवला. कोरडी होती. मग कागदावर येऊन बसले.

तास भरल्यावर वर गेले. मिस्त्रीकाकांनी कागद उजेडात धरला. पुढच्या कडेला दोन थेंब होते.

मालक पुढे आले. "हे काय?"

"ते वरून पडलेत," मी म्हणाले.

काकांनी बोटाने एक थेंब टिपून जिभेला लावला. खारटच असणार. त्यांनी माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग कागदाची नीट चौकोनी घडी केली, खिशात ठेवली आणि मालकांकडे वळून म्हणाले,

"कोरडा आहे."