गळती ऐकणारी सळई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. उंची साडेचार फूट, डोक्यावर पितळेची वाटी. पण मला साधीसुधी समजू नका हं! माझं टोक रस्त्यावर टेकवायचं आणि वाटीला कान लावायचा. जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते मी सांगते.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवर माझा जन्म झाला. तिथून मी पाणीखात्यात गेले आणि गुणाजीच्या हाती पडले. आम्ही दोघांनी मिळून सत्तावीस वर्षं कांदिवली पालथी घातली. आपल्या देशात धरणातून लांबवर आणलेलं, शुद्ध केलेलं कितीतरी पाणी नळापर्यंत पोचतच नाही, वाटेतच मुरतं. गुणाजी कान लावायचा, खडूने फुली मारायचा, मजूर खणायचे आणि बरोबर तिथेच फवारा उडायचा! साहेब म्हणायचे, "गुणाजी, तुझा कान म्हणजे मशीन आहे."

मग खरोखरच मशीन आलं. मी स्टोअरमध्ये झाडूंच्या मागे जाऊन पडले. तीन वर्षं कुणी माझी धूळही झटकली नाही.

पण मागच्या मार्चमध्ये चारकोपच्या एका सेक्टरमध्ये नळाला करंगळीएवढी धार येऊ लागली. मशीन नेमकं मुलुंडला गेलेलं. नव्या इंजिनिअर श्वेता मॅडमनी मला शोधून काढलं आणि गुणाजीच्या हातात दिलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

पहिला खड्डा खणला. कोरडा. दुसरा कोरडा. तिसराही कोरडा.

समोरच्या बिल्डिंगमधल्या द्रौपदीबाई रिकामी कळशी घेऊन आल्या. "ओ गुणाजीभाऊ, गळती शोधताय की मेट्रो काढताय?"

मजूर खो-खो हसले. गुणाजी वळलासुद्धा नाही. त्याला ऐकूच गेलं नव्हतं. मला ते सकाळीच कळलं होतं. मी आवाज वाटीपर्यंत नेत होते, अक्षरशः ओरडत होते, आणि तो नुसती मान हलवत होता.

"काका," श्वेता मॅडम म्हणाल्या, "पाण्याची वेळ चारलाच संपते, मग पाइपात आवाजच उरणार नाही. तोवर गळती सापडली नाही तर साहेब मेन व्हॉल्व्ह बंद करणार. दोन दिवस अख्खा सेक्टर कोरडा!"

"काय?"

त्या जवळ आल्या. "काका, तुम्हाला ऐकू येतंय ना?"

गुणाजी माझ्या वाटीकडे बघत राहिला. "माहीत नाही, मॅडम. आमची बायको, रत्नप्रभा, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात बोलणारं कुणीच नाही. सगळं शांत वाटायचं. मला वाटलं, ती नाही म्हणून शांत आहे."

 श्वेता मॅडमनी सरळ रस्त्यावर गुडघे टेकले आणि वाटीला स्वतःचा कान लावला.

"येतोय आवाज! पण कसला ते कळत नाही, काका!"

गुणाजीने आपला कान त्यांच्या तोंडाशी नेला. "तोंडाने करून दाखवा."

"खळखळ, खळखळ!"

"ते गटार. पुढे चला."

दहा पावलं पुढे. "घुंऽऽ!"

"बिल्डिंगची मोटर. पुढे!"

अडीच वाजले. रिक्षावाले थांबून बघू लागले. फुटपाथच्या कडेला मॅडमनी मला पुन्हा टेकवलं आणि त्या एकदम किंचाळल्या, "शूंऽऽऽ! काका, सारखं शूंऽऽऽ! थांबतच नाही!"

मॅडम म्हणायचंही गुणाजी विसरला. "तीच गो बाय, तीच ती! खणा रे!"

कंबरभर खणलं आणि कुदळीखालून असा फवारा उडाला, की द्रौपदीबाईंसकट सगळे चिंब! मजुरांनी शिट्ट्या मारल्या. पाइपाला पट्टा आवळला. चारला दहा मिनिटं असताना द्रौपदीबाई गॅलरीतून ओरडल्या, "आलं! आलं!"

"काय म्हणतायत त्या?" गुणाजीने विचारलं.

"पाणी आलं, काका!" श्वेता मॅडम त्याच्या कानात ओरडल्या. मग हळूच न म्हणता तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "उद्या मी तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे नेणार!"

अख्ख्या रस्त्याने ते ऐकलं. गुणाजीनेही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. रस्त्यात पाणी पाझरताना दिसलं, तर त्याच दिवशी कळवा. आणि तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर जाऊन त्याच्याशी बोला. मोठ्याने बोला. ऐकू येतंय का, एवढं तरी विचारा.