जेवणाच्या सुट्टीतला सोलो

गिटारवाल्याला स्वतःचाच सोलो येईना, हे त्याने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला अर्थातच माहीत होतं. भिंतीलाही कान असतात, आणि या घरातल्या भिंती तर पातळ होत्या.

तरुणपणी त्याच्या बँडच्या चौघांनी सुताराच्या कारखान्यावरची खोली भाड्याने घेऊन एक रॉक अल्बम केला होता. खाली करवत सुरू झाली की वर रेकॉर्डिंग बंद. म्हणून सगळी गाणी सुताराच्या जेवणाच्या सुट्टीत उरकलेली. शेवटच्या गाण्याच्या दिवशी गिटारवाला तारा बदलत बसला आणि बाकीच्या तिघांनी त्याचा डबा फस्त केला. रिकाम्या पोटी, रागाच्या भरात त्याने जो सोलो हाणला, तो एका दमात टेपवर गेला. अल्बम तुफान चालला, अजून चालतोच आहे, आणि जाणकार त्या सोलोला ‘एका पिढीचा आक्रोश’ म्हणतात. डब्यात काय होतं, ते कुणी विचारत नाही.

तसा सोलो त्याला पुन्हा कधीच जमला नाही. कार्यक्रमांत दुसरंच काहीतरी वाजवून तो वेळ मारून नेई. पण यंदा ढोल्याने, म्हणजे त्यांच्या ड्रमरने, पोस्टरवर छापून टाकलं: ‘अख्खा अल्बम, सुराला सूर, रेकॉर्डसारखा!’ वर म्हणाला, "नाही जमलं तर सांग. एखादा तरणा गडी उभा करू तुझ्या जागी."

हे मात्र गिटारवाल्याच्या जिव्हारी लागलं.

"जावयाला विचारा," बायको म्हणाली. "तुमचा तो सोलो रोज वाजवतो."

"त्या दात उपटणाऱ्याला?"

लेकीने दंतवैद्याशी लग्न केल्यापासून हा सासरा जावयाशी हवापाण्यापलीकडे बोलला नव्हता. पण करतो काय? ‘अडला हरी’ असं पुटपुटत तो निघाला. पुढचे शब्द त्याने गिळले; जावई म्हणजे शेवटी जावई.

दवाखान्याच्या दुपारच्या सुट्टीत सासरा पेशंटच्या खुर्चीत गिटार घेऊन बसला. जावयाने समोर स्टूल ओढलं आणि आपल्या गिटारवर अख्खा सोलो वाजवून दाखवला. एक सूर हलला नाही. सासऱ्याला आधी राग आला, मग कौतुक वाटलं, मग त्या कौतुकाचाच राग आला.

त्याने वाजवायला घेतलं, तोच जावई हळूच म्हणाला, "बाबा, इथे चुकलं."

"अरे, रेकॉर्डवरही मी इथे चुकलोच आहे!"

"हो, पण अशी चूक नाही. चूक बरोबर वाजवा."

आठवडाभर रोज दुपारी शिकवणी झाली.

कार्यक्रमाला सभागृह खचाखच भरलं होतं. निम्मा सोलो झकास गेला आणि एकाएकी डोकं कोरं पडलं. मागे ड्रम थांबायला तयार नव्हते. संपलं आपलं, असं गिटारवाल्याला वाटलं. समोर पहिल्या रांगेत जावई डोळे मिटून बसला होता आणि त्याची बोटं शेजारी बसलेल्या आपल्या बायकोच्या दंडावर भराभर सोलो वाजवत होती. सासऱ्याने त्या बोटांवर नजर रोवली आणि त्यांच्या मागोमाग निघाला. वर, खाली, पुन्हा वर, पार शेवटच्या सुरापर्यंत, चुकीसकट. लोक उभे राहिले. जावयाने डोळे उघडले आणि तोही टाळ्या वाजवायला लागला. आपण काय केलं, याचा त्याला पत्ताच नव्हता.

नंतर लेक पडद्यामागे धावत आली, दंड चोळत.

"बाबा, काय वाजवलंत!"

त्याने तिच्या दंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोरी, नवरा चांगला निवडलास हो."

"दोन मुलं झाल्यावर सांगताय?" म्हणून ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.