रक्ताईची शनिवारची सुट्टी

रांग नाल्यापासून निघून थेट रिक्षा स्टँडला जाऊन भिडली होती. निफाडहून टेम्पो भरून आले होते, हरसूलकडची माणसं रात्रीच्या गाडीने उतरून मांडवातच झोपली होती. कडेवर पोरं, हातात नारळ, आणि प्रत्येक घरात एक तरी रक्ताचा आजार.

"बोला, रक्ताई माते की..."

"जय!"

समाधान महाराज पळीने हळद उचलायचे, पोराच्या तळहातावर थापायचे आणि म्हणायचे, "जा, आईच्या झऱ्यात बुडव!" पिवळाधम्मक हात पाण्यात जायचा आणि वर यायचा तो लालभडक. बाया कानशिलावर बोटं मोडायच्या. कुणी तर चिखलातच लोटांगण घालायचं.

"बघा, बघा! आतलं रक्त जागं झालं, ते बाहेर दिसलं!" महाराजांचा माईक कुईकुई करायचा. "डॉक्टर याला हिमोग्लोबीन म्हणतात. अवघड नाव ठेवलं की झालं का शास्त्र? आपण याला तेज म्हणतो, तेज! लॅबवाला सुई टोचून सांगतो, आई नुसतं पाणी लावून सांगते. पाच डुबक्या! आणि तोवर परक्याचं रक्त अंगात घ्यायचं नाही. आईला विटाळ चालत नाही!"

रांगेत उभ्या चैतालीने दात आवळले. ती दहावीत होती आणि आज तिची तिसरी डुबकी होती.

तिला थॅलेसेमिया. शरीर स्वतःचं रक्त नीट बनवत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्ताची पिशवी लावायची आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोज गोळी घ्यायची. एवढंच. हे 'एवढंच' म्हणायला चैतालीला पंधरा वर्षं लागली होती. याच वर्षी तिने वर्गात फळ्यासमोर उभं राहून सांगून टाकलं होतं, "माझा आजार लागत नाही, माझ्याशेजारी बसा, फक्त माझा डबा संपवू नका." पिशवी लागली की पहिले दहा दिवस ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची. आता मात्र मंगळवारची तारीख चुकून पाच दिवस झाले होते, आणि रांगेत उभं राहूनच तिला धाप लागत होती.

"आई, मला चक्कर येतेय. चल ना दवाखान्यात."

"दोनच राहिल्या गं डुबक्या. जन्मभर सुया टोचून घेणारेस का?"

पुढे हरसूलची भागीबाई नातीला घेऊन उभी होती. पोरीला सिकलसेल होता. तिच्या तळहाताची सालं निघाली होती.

"आजी, हे काय झालं?"

"महाराज म्हनले, रोग भाईर पडतोय. लय आग हुती पोरीला. काल बी आलो व्हतो, पन काल आई जागी नव्हती. हात पिवळाच राह्यला."

"काल? शनिवारी?"

"शनवारी आईचं मौन असतंय म्हने. दर शनवारी."

चैतालीचा हात झऱ्यात गेला, लाल झाला, चरचरला. लोक ओरडले, "जय!" पण तिच्या डोक्यात दुसरंच वाजत होतं. शनिवार. या औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी शनिवारची. पप्पा घरी असतात तो दिवस. आणि झरा तरी कसला? कारखान्याच्या भिंतीखालून आलेला सिमेंटचा पाइप, लाल कापड गुंडाळून झेंडूत बुडवलेला!

संध्याकाळी तिने बादलीत पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, तळहाताला हळद लावली आणि हात बुडवला. लाल! भाजीच्या टोपलीतलं लिंबू कापून वर पिळलं. पिवळा! सातवीपासून पुस्तकात होतं हे. परीक्षेत दोन मार्कांना येतं आणि पेपर झाला की आपण विसरून जातो.

पप्पा दारात उभे राहून बघत होते. दीपक त्यांचं नाव. बाटल्या धुणाऱ्या त्या कारखान्यात ते सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर ऑपरेटर होते.

"पप्पा, बाटल्या कशाने धुता?"

"कॉस्टिक सोड्याने."

"आणि ते पाणी?"

पप्पा खाली बसले. "त्यात अ‍ॅसिड घालून त्याची आग मारायची, गाळ काढायचा, मग सोडायचं. ते माझं काम. पण साहेब म्हणाले, अ‍ॅसिड, वीज, गाळ उचलणारी गाडी, एवढा खर्च परवडत नाही. प्लांटला कुलूप लावायला सांगितलं. पाणी सरळ नाल्यात."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि रक्ताई कधी प्रकटली?"

"त्यानंतर महिन्याभरात." प्लांट बंद होताच याच नाल्याच्या वासाबद्दल वस्तीने तक्रारीच्या सह्या गोळा केल्या होत्या. देवी आली आणि सह्यांचा कागद गेला. तीर्थाची तक्रार कोण करणार? झऱ्यावरचा मांडवही साहेबांनीच दिलेला.

"मला हळदीचं माहीत नव्हतं," पप्पा म्हणाले. "मी त्या गर्दीत कधी गेलोच नाही."

"पाण्याचं तर माहीत होतं! माझी तारीख चुकली तेही माहीत होतं!"

पप्पांच्या हातात प्लांटची किल्ली होती. ती त्यांनी उगाचच मुठीत दाबली.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून चैताली मांडवात शिरली. सोड्याच्या पाण्याची बादली शेजारच्या लंकामावशीने धरली होती. चैतालीच्याने ती उचलवत नव्हती. लंकामावशी चार घरची धुणी करायची आणि कुणाला भ्यायची नाही.

"थांबा!" चैताली ओरडली. "माझ्याकडेही रक्ताई आहे. बादलीतली!"

महाराजांनी डोळे वटारले. "पोरी, अंगात कोण आलंय तुझ्या?"

"अंगात आलेलं नाही, अंगातलं कमी झालंय, हिमोग्लोबीन! मावशी, हात द्या."

महाराजांच्याच ताटातली हळद तिने मावशीच्या तळहाताला फासली. हात बादलीत गेला आणि लाल होऊन बाहेर आला. मग ताटातलंच लिंबू उचलून तिने त्यावर पिळलं. हात पिवळा.

"अगं बाई!" लंकामावशी किंचाळली. "ही तर हळदीची साडी! लग्नघरच्या साडीला साबण लावला की डाग असाच लाल होतो की! आम्ही जन्मभर धुतो आणि इथे येऊन पाया पडतो!"

बायकांत खसखस पिकली आणि लगेच थांबली. प्रत्येकीने तो डाग घरी पाहिला होता. कुठलीच त्याच्या पाया पडली नव्हती.

"साबणातसुद्धा देवी असते!" महाराज घाईने म्हणाले.

"मग शनिवारी का नसते? कारखाना बंद असतो म्हणून?"

"निंदा! ही आईची निंदा आहे!"

"समाधान." मागून पप्पांचा आवाज आला. कंपनीचा गणवेश, हातात किल्ली आणि रबरी हातमोज्यांची जोडी. "आमच्याच कारखान्यात, धुलाई खात्यात तू तीन वर्षं होतास. हातमोजे घातल्याशिवाय या पाण्याला शिवायचं नाही, कातडी जाते, हे नव्या पोरांना तूच शिकवायचास ना? मग आज तू बुडव हात. सगळ्यांसमोर. बिनहातमोज्याचा."

महाराजांनी झऱ्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

तेवढंच पुरलं. भागीबाईने नातीचा सोललेला हात त्यांच्या तोंडासमोर धरला. "माझ्या पोरीला भाजलंस रे! आनि वर रोग भाईर पडतोय म्हनलास?" महाराज माईक टाकून पळाले, तेव्हा लोक त्यांच्यामागे धावले. चैताली धावली नाही. तिचे पाय तिथेच दुमडले.

दवाखान्यात हिमोग्लोबीन पाच पॉइंट दोन निघालं. आई डॉक्टरांपुढे मान वर करेना. पिशवीतलं पहिलं रक्त नळीतून उतरलं तेव्हा ती पुटपुटली, "मला फक्त तुझ्या हाताला सुई नको होती गं."

"माहितीये," चैताली म्हणाली. "पण सुईने मी जिना चढते, आई."

पप्पांनी कारखान्याविरुद्ध लेखी जबाब दिला. त्यांची नोकरी गेली. तपासणी झाली, कुलूप निघालं, प्लांट दुसऱ्याच माणसाच्या हाताखाली सुरू झाला. पाइपावरचं लाल कापड उतरवलं. आता त्या पाण्यात कुणी हळदीचा हात बुडवला तर तो पिवळाच राहतो. साहेबांचा खर्च वाचावा म्हणून इतके महिने पोरांचे तळहात सोलले आणि तारखा चुकल्या, त्याचा हिशेब मात्र कुठल्या कागदावर आला नाही. चैताली अजून रागावलेली आहे, आणि तिने रागावलेलंच राहावं.

तुम्हीही राहा. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो तपासा. ते पाणी कुठून येतं ते विचारा, दाखवणारा स्वतः त्यात हात घालतो का ते बघा, आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख कुणाच्याही सांगण्यावरून चुकवू नका. आणि देव शनिवारी सुट्टी घेत असेल, तर त्या दिवशी आणखी काय बंद असतं, तेवढं जरूर बघून या.