दुसरा उंचवटा

मामा न्यूट्रॉन मोजायचा आणि भाची तेच न्यूट्रॉन संगणकात घडवायची. दोघं एकाच प्रयोगशाळेत होती, मध्ये हातभर जाडीची भिंत. भिंतीपलीकडे, मामाच्या बाजूला, यंत्र होतं. कळ दाबली की कपाटाएवढ्या कपॅसिटरांमध्ये साठवलेली सगळी वीज एका दमात तांब्याच्या नळीकडे धावायची, आतल्या वायूचा प्लाझ्मा व्हायचा, टोकाशी सुतासारखा आवळला जायचा आणि न्यूट्रॉन उधळायचे. पापणी लवेपर्यंत हे लाखदा होऊन जाईल, इतकं झटपट.

आठ महिने खपून भाचीने ते गणितात उभं केलं. पण न्यूट्रॉनच्या आलेखावर एकाऐवजी दोन उंचवटे आले. पंधरा दिवस चूक शोधून ती रडकुंडीला आली आणि कागद घेऊन मामाकडे गेली.

मामाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे तुला कोणी दाखवलं?"

"कुणी नाही रे. गणितातूनच आलं."

मामाने कपाटातून आलेखांचा गठ्ठा काढला. प्रत्येकावर दुसरा उंचवटा होता आणि प्रत्येक लाल पेनाने खोडलेला. "अकरा वर्षं मी याला मोजणीयंत्राच्या केबलमधला पडसाद समजतोय. तीनदा केबल बदलली, पठ्ठ्या पिच्छाच सोडेना."

"केबल तेवढ्याच लांबीची लावलीस?"

"मग काय तर!"

"आता दुप्पट लांब लाव. पडसाद असेल तर त्याला परतायला जास्त वेळ लागेल आणि दुसरा उंचवटा पुढे सरकेल. जागचा हलला नाही, तर खरा."

मामाने कपाळावर हात मारला.

दुपारी लांब केबल जोडली. भोंगा झाला, सगळे यंत्राच्या खोलीबाहेर आले. छपरावरून पोतं पडावं तसा धप्प आवाज झाला. पडद्यावर दोन उंचवटे उमटले. भाचीने पट्टी लावली. अंतर तसूभरही बदललं नव्हतं.

"मी फक्त नियम लिहिले होते, मामा," ती पुटपुटली. "विजेचे, चुंबकाचे. हे मी सांगितलंच नव्हतं संगणकाला."

"दोन्ही उंचवट्यांच्या मधे काय होतं गं तिथं? दाखव ना."

तिने संगणकावर प्लाझ्मा सावकाश चालवला. हजारो वेळा कळ दाबलेला मामा पहिल्यांदाच नळीच्या आत बघत होता. झळाळता दोरा आवळला, पिळवटला, तुटला आणि तुटल्या जागेतून कणांचा झोत सुसाट निघाला. तोच दुसरा उंचवटा होता. मामाने ते पुन्हा, अजून सावकाश चालवायला लावलं.

मामीचा फोन आला. "कधी येताय?"

"येतो," तो नजर न हलवता म्हणाला. "सेकंदाचा एक कोटीवा भाग तेवढा बघून होऊ दे."

त्याला पाऊण तास लागला.