हरिदास अंगणवाडीत बसतो

माजरीच्या कोळसा खाणीत उमर घालवून हरिदास गावी परतला, तेव्हा पुढच्या आयुष्याचा त्याचा बेत पक्का होता. काहीही करायचं नाही. जमिनीच्या पोटात आपण इतकं काम केलं आहे, की आता जमिनीच्या वर नुसतं बसून राहायचा आपल्याला हक्क आहे, असं तो मानत असे. साल अठ्ठ्याण्णव होतं, थंडी सरत आली होती. पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाला टेकून असलेल्या बोरटोल्यात त्याचं घर. घरापुढं त्याने बाज टाकली, तिच्यावर बसला, आणि जेवायला हाक येईपर्यंत बसूनच राहिला.

त्याची बायको गिरजाबाई हे बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नात त्याच्या हातात दिली.

"हिले अंगणवाडीत सोडून या."

"सोडतो. आन मंग?"

"मंग या वापस."

वापस येणं काही जमलं नाही. रोशनी तीन वर्षांची होती आणि तिची मूठ लोखंडाची होती. अंगणवाडीच्या दारात पोचताच तिने आज्याच्या पायजम्याची नाडी धरली. हरिदासने समजावलं, दटावलं, चिवड्याचं आमिष दाखवलं. नाडी सुटली नाही. पोरीला ओढावं तर पायजमा जाणार, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो मुकाट्याने उंबऱ्यावर बसला.

अंगणवाडी म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. वर टिनपत्रे, भिंतीवर रंगवलेला अननसाचा अ. अननस गावात कोणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे पोरं त्या चित्राकडे बघून 'सीताफळ' म्हणायची. तिथली बाई शकिला. तिचा नवरा लियाकत सायकली दुरुस्त करायचा. मदतनीसाची जागा रिकामी होती, म्हणून झाडणं, पाणी भरणं, खिचडी शिजवणं, गाणी म्हणणं आणि कोणी पळालं तर धावणं, हे सगळं शकिलाच करायची. गावाच्या मते अंगणवाडी खिचडीची जागा होती. वास सुटला की आया पोरांना वाटी देऊन धाडायच्या आणि वाटी रिकामी झाली की हाक मारून परत बोलवायच्या.

हरिदास रोज उंबऱ्यावर बसू लागला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिच्या एका हातात खिचडीचा झारा होता, दुसऱ्या हाताने तिने एक शेंबडं पोरगं त्याच्यापुढं उभं केलं.

"भाऊ, बसलेच आहात तर याचं नाक पुसून द्या."

हरिदासने पुसलं. त्याच्या निवृत्तीचे दिवस तिथंच संपले. पुढच्या आठवड्यात तो पाणी भरत होता, भांडणं सोडवत होता आणि 'ये रे ये रे' म्हणत हात वर करत होता. हात वर करताना आजूबाजूला कोणी मोठं माणूस नाही ना, हे तो आधी बघून घ्यायचा.

त्या पोरांमध्ये मंगरू नावाचा एक होता. नाल्यापलीकडच्या टोल्यात गोंडांची घरं होती, तिथल्या लालसू आणि बुधरीचा हा मुलगा. बुधरी त्याला आणून सोडायची आणि सुटेपर्यंत बाहेर पळसाच्या झाडाखाली उभी राहायची. आत कधी यायची नाही. मंगरू आत बसायचा, पण बोलायचा नाही. गाणी नाही, नाव नाही, काही नाही. दाराबाहेर बोट दाखवून तो एकच शब्द म्हणायचा, "नै." जेवतोस? "नै." खेळतोस? "नै." त्याचं बोट मात्र बाहेरच असायचं. पोरं त्याला मुका म्हणायची आणि हरिदासच्या मते तो हट्टी होता.

"एवढा नाई-नाई करते, मोठा होऊन सायेबच होईन," तो शकिलाला म्हणाला.

शकिलाला ते पटलं नाही. ती हातातलं काम टाकून पळसाखाली गेली आणि बुधरीचा हात धरून तिला आत घेऊन आली. "उन्हात काऊन उभ्या राह्यता बाई? इथी बसा. भाऊ बसतेतच ना."

बुधरी उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, अंग चोरून. मंगरू तिच्याजवळ गेला, आणि बोलायला लागला. गोंडीत. अडखळणं नाही, थांबणं नाही. महिनाभर साठवलेलं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. शेवटी दाराबाहेर झोपलेल्या कुत्र्याकडे बोट करून तो म्हणाला, "नै."

"नै म्हंजे कुत्रा," बुधरी हळूच म्हणाली. "थो कुत्राच म्हणते."

"आबा," रोशनी म्हणाली, "मुका बोलला."

हरिदासने तिला जवळ ओढलं. "थो मुका नोयता माय. आपणच मुके आहो असं समजून राह्यला असन थो."

त्या दिवसापासून बुधरी आत बसू लागली. तिचं मराठी तुटकं होतं आणि शकिलाला गोंडी अजिबात येत नव्हती, पण खिचडी दोघींनाही येत होती. पाण्याला येर म्हणतात हे पोरं लगेच शिकली, कारण येर मागितलं की बुधरी हसायची. रोशनी आणि मंगरूची गट्टी जमली. कोण कोणत्या भाषेत बोलतो याच्याशी दोघांना काही घेणं नव्हतं.

मग मोहाचे दिवस आले.

मोह पहाटे गळतो. झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि ऊन चढायच्या आत तो वेचावा लागतो. उशीर केला तर गुरं खातात, हरणं खातात, अस्वल खातं. त्यामुळे या दिवसांत गावातली झाडून सगळी बाईमाणसं तांबडं फुटायच्या आधी टोपल्या घेऊन जंगलात जातात. लहानगी झोपलेलीच घरी राहतात, कोणा भावंडाच्या नाहीतर म्हाताऱ्याच्या भरवशावर. अंगणवाडी उघडणार दहाला. सरकारने वेळ ठरवली, तेव्हा मोहाला विचारलं नव्हतं.

हरिदासची सून रंभाही मोहाला जायची. एका सकाळी गिरजाबाई नळावर गेली होती आणि रोशनीकडे बघायचं काम हरिदासकडे होतं. हरिदास बाजेवर होता. तो झोपला नव्हता, डोळे मिटून पडला होता, असं त्याने नंतर पुष्कळांना सांगितलं. डोळे उघडले तेव्हा रोशनीची गोधडी होती, रोशनी नव्हती.

त्याने घर पाहिलं, शेजार पाहिला, ओस पडलेली अंगणवाडी पाहिली. मग तो नाल्यापलीकडे गेला. लालसू आणि बुधरी मोहाला गेले होते आणि मंगरूची आजी दारात ओरडत होती. तिची भाषा त्याला येत नव्हती, पण अर्थ पोचला. मंगरूही नव्हता.

खाणीत एकदा छत बसलं होतं, तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता. तेव्हा काय करायचं ते ठरलेलं असायचं. भोंगा वाजायचा, माणसं धावायची. इथं भोंगा कोण वाजवणार? मग त्याने स्वतःच भोंगा काढला. "पोट्टे हारपले होऽऽ!" असं ओरडत तो गावभर पळत सुटला. इतकं पळायला आपल्याला येतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

शकिला ओल्या हातांनी बाहेर आली. लियाकतने गिऱ्हाइकाचीच सायकल काढली आणि जंगलाच्या वाटेने हाणली. पोलीस पाटील गुणवंतराव धोतर सावरत आले आणि त्यांनी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं, तेही इतक्या मोठ्याने की उरलेलं गावही जागं झालं. माणसं हाका मारत रानात शिरली. जंगलातल्या बायांनी हाका ऐकल्या आणि टोपल्या टाकून धावल्या. आता सगळेच एकमेकांना शोधत होते.

पोरं सापडली ती लालसूला. एका मोठ्या मोहाखाली दोघं पाय पसरून बसली होती आणि फुलं खात होती. रोशनीचं तोंड चिकट झालं होतं. आयांकडे जायला निघालो, असं तिने सांगितलं. वाट मंगरूला माहीत होती, एवढंच की वाट भलतीच होती.

हरिदास धापा टाकत पोचला. लालसू झाडापलीकडे वाकून माती बघत होता. तिथं पंजाचे ठसे होते, आणि ताजी विष्ठा.

"अस्वल," लालसू म्हणाला. "आत्ताच गेला. पोट भरला होता त्याचा."

हरिदास खाली बसला. रोशनीला त्याने मांडीवर घेतलं. रंभा आली, तिने पोरीला छातीशी धरलं, मग तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा छातीशी धरलं.

संध्याकाळी ग्रामपंचायतीपुढं सगळे जमले. बोलायचं कोणालाच सुचत नव्हतं, म्हणून गुणवंतराव बोलले.

"आयांनी लेकराईकडे ध्यान द्यावं. लेकरू सोडून मोहाले जाणं बरं नाई."

"मंग तुमी जा मोहाले," रंभा म्हणाली. "आमी बसतो घरी ध्यान देत."

मग कोणीतरी म्हणालं की मंगरूनेच पोरीला नेलं, तिकडच्या पोरांना रानाची सवयच असते. बुधरीने मान खाली घातली. रंभा त्या माणसाकडे वळली. "माही पोट्टी काय कमी हाये? थिनंच ओढला असन त्याले. थिची मूठ पाह्यली का तुमी?"

हरिदासने पायजमा जरा वर ओढला.

"मी दहाले उघडतो कारन वेळ दहाची आहे," शकिला म्हणाली. "पहाटे उघडाले मले काही नाई. पन एकटी काय काय करू? चूल पेटवू का यायले धरू?"

हरिदास उभा राहिला. सभेत बोलायची त्याला सवय नव्हती. खाणीत युनियनच्या सभेला तो जायचा तो चहासाठी.

"खाणीत तीन पाळ्या रायतेत," तो म्हणाला. "पह्यली पाळी अंधारातच लागते. इथी बी पह्यली पाळी लावा. मोह सरेपर्यंत. मी येतो."

"झोपाले?" गिरजाबाईने विचारलं.

सभा पहिल्यांदा हसली. हरिदासने ते सोसलं. "एकटा नाई. गावात म्हातारे का कमी हायेत? सारेच बाजेवर पडून हायेत. पाळीपाळीनं बसू."

तसं ठरलं. शकिलाने चावी दिली. तांबडं फुटायच्या आधी बाया आपापली झोपलेली पोरं गोधडीसकट आणून टाकायच्या आणि टोपली डोक्यावर घेऊन निघायच्या. कोणी जुन्या लुगड्याचा झोका बांधला, कोणी फुटाणे ठेवून गेलं. लियाकतने जुन्या टायरांची पोरांना पळवायला चाकं केली आणि पुढं आठवडाभर गावात चालायला जागा उरली नाही. गुणवंतरावांचीही पाळी लागली. त्यांनी पोरांना शिस्तीत रांगेत बसवलं. रांग मोडेपर्यंत ते बोलले, मग रांग मोडली, आणि ते घोडा झाले. पाटील घोडा झाले, ही बातमी जंगलात बायांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

शकिलाला सकाळी मदतीला एक बाई रोज लागायचीच आणि पोरं बुधरीलाच धरून बसायची. पण ती इथं थांबली तर तिच्या वाट्याचा मोह कोण वेचणार? रंभाने त्याचा उपाय काढला. परत येताना प्रत्येक बाई बुधरीच्या टोपलीत ओंजळभर फुलं टाकायची. कोणी ठरवून दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी रंभाने टाकली, मागचीने ती पाहून टाकली, आणि तिच्या मागचीला न टाकायची लाज वाटली. टोपली भरली तेव्हा बुधरी टोपलीकडे नुसती बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून आत गेली आणि खिचडी ढवळायला लागली. खिचडी अजून चुलीवर चढायची होती, नुसतंच पाणी होतं.

मोह सरत आला तेव्हा सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. चंद्रपूरच्या होत्या, भल्या होत्या, पण जीपच्या धक्क्यांनी त्रासलेल्या होत्या. खोलीत त्यांना काही पोरं जागी दिसली, काही झोपलेली, आणि भिंतीशी बसलेले तीन म्हातारे.

"हे कोण?"

"पालक," शकिला म्हणाली.

"हे तिघं?"

"पालकांचे पालक."

"अंगणवाडी दहाला उघडते ना? ही मुलं तर दमलेली दिसतात."

"दहालाच उघडते मॅडम. त्याच्या आधी थे नुसते बसून रायतेत."

मॅडमनी हरिदासकडे पाहिलं. तो मांडीवर एक, खांद्यावर एक आणि पाठीवर रोशनी घेऊन नुसता बसून होता. मॅडम वही मिटून खाली बसल्या. एक पोरगी येऊन त्यांच्या मांडीवर बसली आणि "येर" म्हणाली. मॅडमना वाटलं, 'ये रे' म्हणते. त्या गाणं म्हणू लागल्या, 'ये रे ये रे' पासून. पोरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि परत पाणी मागितलं. मग बुधरीने पेला आणून दिला. मॅडमही हसल्या, खिचडी खाल्ली, आणि जाताना म्हणाल्या की पुढच्या महिन्यात शेजारच्या गावच्या बाईंना हे दाखवायला घेऊन येते.

पुढच्या महिन्यात विडीच्या पानांचा, तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. पत्ता तोडायलाही पहाटेच जावं लागतं, त्यामुळे पाळ्या थांबल्याच नाहीत. नाल्याच्या वरच्या अंगाच्या वस्तीतून चार-पाच बाया आल्या, काखेत पोरं घेऊन. आमचीही ठेवून घ्या म्हणाल्या. शकिलाने खोलीकडे पाहिलं, तिथं पाय ठेवायला जागा नव्हती.

"आणा," हरिदास दारातून म्हणाला. "पन संग एक म्हातारा आणाच. नुसते पोट्टे घेत नाई आमी."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बाया पोरांसोबत एक म्हातारा घेऊन आल्या. तो ठार बहिरा होता. हरिदासने त्याला आत बसवलं आणि सगळ्यात जास्त रडणारी पोरं त्याच्याकडे दिली.