अर्धी किल्ली नणंदेकडे

उपग्रहांच्या कंपनीत किल्लीचे दोन तुकडे करून ते दोन माणसांच्या डोक्यात ठेवतात. किल्ली म्हणजे कुलपाची नव्हे. एक लांबलचक आकडा, जो मिळाल्याशिवाय उपग्रह कुणाला भीक घालत नाहीत. एकाचा तुकडा दुसऱ्याला कळता कामा नये. सुरक्षा अधिकाऱ्याला फार शोधावं लागलं नाही. ऑफिसात सख्ख्या नणंद-भावजय होत्या आणि मिक्सरच्या झाकणावरून त्यांच्यात अबोला होता. याहून भक्कम तिजोरी कुठली?

आज किल्ली बदलायची होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नवी पोचली नाही, तर आभाळातले शेकडो उपग्रह घरच्यांनाही ओळख दाखवणार नव्हते, कायमचे. त्यातले निम्मे भावजयीनेच बारसं करून वर धाडलेले.

तुकडे टाइप करून दोघींनी एकाच क्षणी बटण दाबायचं. एरवी त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दाबत. आज घड्याळाचा सेल संपलेला. किल्लीच्या खोलीत मोबाइलला बंदी, तिसऱ्या माणसाला तर त्याहून.

"कुणी तीनपर्यंत मोजलं तर बरं होईल," भावजय खुर्चीला म्हणाली.

"धाकट्यांनी मोजावं," नणंद पंख्याला म्हणाली.

भावजयीने मोजलं. पडदा लाल झाला.

"तीनवर दाबायचं असतं," तिने खुर्चीला सांगितलं.

"आमच्या माहेरी तीन म्हणून झाल्यावर दाबतात," नणंदेने पंख्याला कळवलं.

पुढच्या खेपेला भावजय नमतं घेऊन थांबली, आणि नेमकं नणंदेनेही नमतं घेऊन तीनवर दाबलं. पुन्हा लाल. संधी तीनच असतात; आता एकच उरली.

"वन्सं, तुम्ही म्हणाल तसं करते! पण माझ्याकडे बघा तरी!"

नणंदेने पंखा सोडला. "रडू नकोस गं. चारवर दाबू."

"चारवर की चारनंतर?"

नणंद सरकून तिच्याजवळ आली. "मोजणं मरू दे. मी चिमटा काढते. तू ओरडलीस की दोघी दाबू."

"आई गं!"

पडदा हिरवा झाला. एकेक उपग्रह गुणी बाळासारखा हजेरी देऊ लागला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडणार, तोच दार किलकिलं झालं. अधिकाऱ्याचा चेहरा पांढराफटक.

"आवाज कसला? तुम्ही बोलताय की काय?"

"वन्संनी चिमटा काढला," भावजय दंड चोळत म्हणाली.

"परत काढीन," नणंद म्हणाली.

"हुश्श! मला वाटलं, तुमचं पटलं," म्हणत त्याने हळूच दार लावून घेतलं.